बोडनझेकाठची बाग आणि युबरलिंगन : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात मी जर्मनीतल्या बोडनझे सरोवराच्या काठी, युबरलिंगन नावाच्या जुन्या तटबंदीच्या गावात भरलेल्या उद्यानमेळ्याबद्दल थोडंसं लिहिलं होतं. बोडनझे म्हणजे आपल्या शाळेच्या नकाशातलं कॉन्स्टन्स सरोवर. त्यावर सांगली, मिरज, सातारा, वाई इथून बरीच पत्रं आली. इतरांनाही उपयोग होईल अशी काही निवडून इथे उत्तरं देते आहे. माझी लेक कॉन्स्टान्झला राहते, म्हणून माझं तिकडे जाणंयेणं असतं. नोकरीभर उद्यानविद्या शिकवल्यामुळे कुठल्याही बागेत शिरले की फुलांच्या आधी मातीकडे लक्ष जातं. उत्तरं त्या नजरेची आहेत.

ताई, मुलगा श्टुटगार्टला असतो. मे महिन्यात आम्ही दोघं जाणार आहोत. तो म्हणतो, एका दिवसात ऱ्हाइनचा धबधबा, माइनाउ बेट आणि गार्डन शो असं सगळं उरकून येऊ. जमेल का? आणि हा शो आपल्या सांगलीतल्या पुष्पप्रदर्शनासारखाच असतो का?
— सौ. प्र. कु., विश्रामबाग, सांगली

प्रतिभाताई म्हणू की प्रमिलाताई, नाव कळलं नाही, पण मुलाचा बेत मोडा. धबधबा स्वित्झर्लंडमध्ये शाफहाउझनजवळ, माइनाउ कॉन्स्टान्झच्या अंगाला आणि युबरलिंगन समोरच्या काठावर. एका दिवसात करायला गेलात तर गाडीत पाय आखडतील आणि कुठेच धड बसणं होणार नाही. धबधबा या खेपेला सोडा. युबरलिंगनला दोन रात्री मुक्काम करा आणि माइनाउला बोटीनं जा. साधारण मार्चअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बोटी असतात, मे महिन्यात अडचण नाही.

मेळ्याबद्दल आधी एक सांगायला हवं. युबरलिंगनचा मेळा होऊन गेला. तो २०२० मध्ये व्हायचा होता, कोरोनामुळे लांबला आणि ३० एप्रिल ते १७ ऑक्टोबर २०२१ या काळात भरला. त्या वर्षी इथून जाणं शक्यच नव्हतं. लेक फोनवरून एकेक वाफा दाखवायची. मी गेले ती मेळा आवरल्यानंतर, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा हा मेळा दरवेळी वेगळ्या गावी जातो. २०२६ चा एल्वांगनला, जाग्स्ट नदीच्या काठी आहे.

आता पुष्पप्रदर्शनाचं. आपल्याकडे दोन-तीन दिवस मांडव पडतो, कुंड्या येतात, बक्षिसं होतात आणि जागा पुन्हा पहिल्यासारखी मोकळी होते. तिथे मेळा साडेपाच महिने चालतो, पण तयारी कित्येक वर्षं आधी सुरू होते, कारण मेळा हे निमित्त असतं. गावातली एखादी पडीक, विद्रूप झालेली जागा नीट करायची, त्यासाठी राज्याचा निधी मिळवायचा, आणि मेळा संपला की हंगामी फुलं काढून बाग, वाटा, झाडं गावाला ठेवायची, असा हा व्यवहार आहे. महायुद्धात शहरं उद्ध्वस्त झाल्यावर या कल्पनेनं तिथे मूळ धरलं. देशपातळीवरचा पहिला मेळा १९५१ मध्ये हानोव्हरला झाला. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचे मेळे १९८० पासून भरतात.

युबरलिंगनमध्ये २०२१ साली पाण्यावर तरंगते वाफे होते, तटाजवळच्या उतारावर बागा होत्या, जुन्या बंगल्यांची आवारं लोकांना खुली केली होती. तरंगते वाफे गेले. गावाच्या पश्चिमेचा सहा हेक्टरांचा काठ मात्र राहिला. तिथे पूर्वी कॅम्पिंगचा तळ होता. आता कुणीही उठावं आणि पाण्यापर्यंत चालत जावं. काठ हळूहळू उतरत पाण्यात गेलेला आहे, गोटे आहेत, पाणवनस्पती आहेत, संध्याकाळी शाळकरी पोरं पोहतात. तिकीट नाही. तिथेच जा, आणि सकाळी लवकर जा.

माइनाउ ही निराळी गोष्ट. ते पंचेचाळीस हेक्टरांचं बेट खासगी संस्थेचं आहे आणि तिकीट चांगलंच महाग आहे, तरी जा. बाडेनचा ग्रँड ड्यूक पहिला फ्रीडरिश याने १८५३ मध्ये ते विकत घेतलं आणि देशोदेशींची झाडं आणून लावली. पुढे त्याचा पणतू, स्वीडनच्या राजघराण्यातला लेनार्ट बेर्नाडोट, राजघराण्याबाहेरच्या मुलीशी लग्न करून पदव्यांना मुकला आणि त्यानं उभा जन्म या बेटाला दिला. मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर ट्युलिप शेवटच्या बहरात असतील, नंतर गेलात तर ऱ्होडोडेंड्रॉन.

श्टुटगार्टहून आगगाडीनं अडीच-तीन तास लागतात. राज्यापुरतं एक दिवसाचं तिकीट मिळतं, त्यावर पाच जणांपर्यंत साध्या गाड्यांनी दिवसभर फिरता येतं. मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालतं आणि लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना अजिबात चालत नाही. मुलाकडे महिन्याचा डॉइचलांड पास असेल तर त्यालाही वेगवान गाड्या चालत नाहीत, नऊची अट मात्र त्याला नाही. युबरलिंगनला दोन स्टेशनं आहेत. बागेसाठी ‘थेर्मे’ नावाच्या स्टेशनवर उतरा, गावासाठी पुढच्या.

आणि मुलाच्या घरी नळाचं पाणी पिताना एवढं आठवा : युबरलिंगनशेजारच्या झिप्लिंगन गावापाशी सरोवरात साठ मीटर खोलीवरून पाणी उचलतात, आणि १९५८ पासून ते श्टुटगार्टपर्यंत जातं. आज साधारण चाळीस लाख माणसं ते पितात. सांगलीतला माणूस कृष्णेकडे बघतो तसंच त्या पाण्याकडे बघा, मग काठावर एवढी काळजी का घेतात ते आपोआप उमजेल.

सासूबाई बरोबर आहेत, गुडघे दुखतात, आणि आम्ही शाकाहारी. हाल होतील का?
— सौ. वै. पा., मिरज

हाल होणार नाहीत. गावाचा सरोवराकाठचा रस्ता सपाट आहे, बसायला बाकं आहेत. चढ आहे तो तटाकडे आणि शहरबागेकडे. तिथे सासूबाईंना नेऊ नका, त्यांना धक्क्यापाशी बसवा. बोटीत चढायला फळी असते आणि माणसं हात देतात.

खाण्यात केझश्पेट्सले मागा, म्हणजे अंड्याच्या पिठाच्या शेवया चीजमध्ये घोळवून वर तळलेला कांदा. अंडं चालत नसेल तर ते नको. डिनेले नावाची पातळ भाकरीसारखी रोटी मिळते, तिच्यावर मलई आणि कांदा असतो, पण बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे तुकडेही असतात. म्हणून आधी ‘ओने फ्लाइश’ म्हणा, बिनमांसाचं. मे महिना शतावरीच्या कोंबांचा, पांढरे जाड कोंब बटाट्याबरोबर देतात, ते सासूबाईंना आवडतील. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच दही, फळं, पाव घेऊन ठेवा. मेतकूट आणि भाजणी सांगलीहून न्याच.

मी सतारमेकरांच्या घरातला. आजोबा आणि वडील दोघंही वाद्यं घडवतात, मीही शिकतोय. तुम्ही लिहिलंत की त्या गावाच्या चर्चमध्ये लाकडी कोरीवकाम आहे. आमच्यासारख्या कारागिरानं मुद्दाम बघावं असं त्यात काय आहे?
— अ. म., मिरज

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. तुझ्यासाठी तर ते गाव मुद्दाम जाण्याजोगं आहे.

संत निकोलाउसच्या त्या चर्चमध्ये पुढच्या बाजूला जी वेदी आहे ती योर्ग त्सुर्न नावाच्या मूर्तिकारानं १६१३ ते १६१६ या काळात घडवली. वडील आणि भाऊ हाताखाली होते, म्हणजे तुमच्या घरासारखाच घरचा कारखाना. लाकूड लिंडनचं. मऊ, सारख्या धाग्याचं, सहसा न फाटणारं. त्या काळी देवळातल्या लाकडी मूर्ती रंगवायच्या आणि सोन्याचा वर्ख लावायचा रिवाज होता. इथे रंग नाही. उघड्या लाकडावर सगळं उभं आहे, माणसाएवढ्या मूर्ती, एकावर एक मजले. मधल्या दृश्यात येशूचा जन्म आणि त्याला बघायला आलेले मेंढपाळ आहेत.

रंग नसल्यानं सगळं काम उजेडावर सोडलंय. कापडाच्या चुण्या इतक्या खोल कोरल्यात की आतला भाग काळाच दिसतो, आणि मेंढपाळाच्या गालावर पटाशीचा हलका घाव तसाच ठेवलाय, घासून गुळगुळीत केलेला नाही. म्हणून तो गाल उन्हातान्हात फिरणाऱ्या माणसाचा वाटतो. भोपळ्याच्या खांद्यावर बसवायचं लाकडी पान कोरताना तू कडा किती पातळ ठेवतोस आणि कुठे थांबतोस, तो प्रश्न त्सुर्नला प्रत्येक बोटाशी, प्रत्येक केसाशी पडलेला दिसतो. तुमचं तुनीचं लाकूड वेगळं, त्यामुळे हत्यार वेगळं चालेल. पण थांबायचं कुठे, हे बघण्यासाठी तिथे तासभर उभा राहा. दुपारी जा, आत उजेड बरा असतो. दुर्बीण ने, कारण वरचे मजले उंच आहेत.

तिथून अगदी जवळ नगरभवन आहे. त्याच्या सभागृहात याकोब रुस यानं १४९० ते १४९४ च्या दरम्यान कोरलेल्या लहान मूर्ती भिंतीवर ओळीनं आहेत. हे त्सुर्नच्या सव्वाशे वर्षं आधीचं. दोन्ही एकाच दिवशी बघ म्हणजे हात कसा बदलत गेला ते दिसेल. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची माहितीही बरोबर ने. तिथल्या कारागिरांना ती ऐकण्यात खरोखर रस असतो.

युबरलिंगन ऐतिहासिक म्हणता, पण म्हणजे काय घडलं तिथे? मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. सुंदर घरं आणि फुलं बघून माझं समाधान होत नाही.
— श्री. द. गो., वाई

सर, होऊही नये.

हे गाव १८०३ पर्यंत मुक्त शहर होतं, थेट पवित्र रोमन सम्राटाच्या छत्राखाली, मधे कुणी सरदार नाही. धान्य, मीठ आणि द्राक्षाची दारू यांच्या व्यापारावर ते पोसलं. धक्क्यावरचं मोठं धान्यकोठार अजून उभं आहे. तटाचा खंदक तर मऊ वालुकाश्म कापून केलेला, आज त्याच्या तळातून चालता येतं. दोन्ही बाजूंना खडकाच्या भिंती आणि त्यांतून लोंबणाऱ्या वेली. तीस वर्षांच्या युद्धात, १६३४ मध्ये, स्वीडिश सैन्यानं गावाला वेढा घातला आणि गाव पडलं नाही. तेव्हाचा नवस आजही फेडतात. मे आणि जुलैमध्ये एकेका रविवारी मरियमची मूर्ती घेऊन मिरवणूक निघते. अजिंक्यताऱ्याला औरंगजेबानं १६९९ च्या शेवटी घातलेला वेढा तुम्ही मुलांना शिकवला असेल. तो गड पुढच्या वर्षी पडला, हा फरक, पण खंदकात उभं राहिलं की तट राखणाऱ्यांची बाजू तुम्हाला लगेच कळेल.

पण मला तुम्हाला पाठवायचंय ते दुसरीकडे. मी मघाशी ज्या नव्या सरोवराकाठच्या बागेचं वर्णन केलं, तिच्या वरच्या अंगाला गोल्डबाखचा डोंगर आहे. त्याच्या पोटात बोगदे आहेत. १९४४ मध्ये याच सरोवराकाठच्या फ्रीडरिक्सहाफेन शहरावर बाँब पडले, तिथले विमानांचे आणि इंजिनांचे कारखाने जमिनीखाली हलवायचे ठरले, आणि त्यासाठी नाझींच्या डाखाउ छळछावणीतून कैदी आणून हा डोंगर पोखरायला लावला. सातशेच्या वर माणसं होती. उपासमार, मारहाण, दरडी. कित्येक तिथेच मेली. सत्त्याण्णव जणांचं दफन बिरनाउच्या त्या सुंदर गुलाबी चर्चजवळच्या दफनभूमीत आहे. दोघं जण दगडमातीच्या वाघिणीत लपून निसटले आणि स्वित्झर्लंडला पोहोचले. कारखाना सुरू होण्याआधीच युद्ध संपलं.

बोगद्यातून निघालेला राडारोडा सरोवरात लोटला. काठ पुढे सरकला तो त्यामुळे. त्या भरावावर आधी कॅम्पिंगचा तळ झाला आणि २०२१ मध्ये बाग.

हे मला लेकीनं तिथेच, गवतावर बसलेलो असताना सांगितलं. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना विचारत आले, की ही माती कुठून आली? त्या दिवशी उत्तर असं मिळालं. बाग वाईट ठरत नाही त्यामुळे. पोरं पोहतात ते चांगलंच आहे. पण तिथे जाणाऱ्यानं हे माहीत असून जावं, असं मला मनापासून वाटतं. बोगदे ठरलेल्या दिवशी मार्गदर्शकाबरोबर दाखवतात. आत गारठा असतो, मे महिन्यातही स्वेटर न्या. आधी बोगदे बघा, मग बाग, मग बिरनाउ.

श्टुटगार्टलाही हेच आहे. किलेसबेर्ग बाग ही १९३९ च्या उद्यानमेळ्यासाठी जुन्या दगडखाणीवर केली, आणि १९४१ मध्ये त्याच आवारात ज्यू नागरिकांना गोळा करून मरणाच्या वाटेला लावलं. तिथे स्मारकशिळा आहे. वर विश्रामबागच्या ताईंनी मुलाबरोबर तिथेही जावं.

आपल्याकडे कास असताना फुलं बघायला जर्मनीला कशाला जायचं? युनेस्कोनं कासला मान दिला, आणि आपण परदेशाचं कौतुक करतो.
— एक वाचक, सातारा

कासबद्दल तुमच्याइतकाच मलाही अभिमान आहे. पण कास ही बाग नाहीच. तिथे कुणी काही लावलेलं नाही. कातळावर बोटभर मातीचा थर, पावसाळ्यात त्यावर साचणारं पाणी, आणि त्या गरिबीत जगायला शिकलेल्या वनस्पती. सीतेची आसवं इतकी सुरेख दिसतात, पण ती किडे पकडून खातात, कारण त्या मातीत नत्र फार कमी. तिथे खत टाकलं तर गवत माजेल आणि फुलं जातील. पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर २०१२ मध्ये कासला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो या न लावलेल्या फुलांसाठी.

माइनाउवरचं प्रत्येक फूल माळ्याच्या हातचं आहे. सप्टेंबरात गेलात तर तिथे डेलियाचे वाफे दिसतील, येणारे लोक मतं देऊन त्यातली राणी निवडतात. पहिलं हिमदव पडलं की कंद उकरून आत ठेवायचे आणि वसंतात पुन्हा लावायचे. आपण सांगलीत उलट करतो, पाऊस सरल्यावर लावतो आणि उन्हाळ्यात काढून कोरड्या वाळूत ठेवतो. झाड मूळचं मेक्सिकोचं, दोन्हीकडे पाहुणंच. या कामात माइनाउच्या माळ्यांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. कासला मात्र माळी नको, राखणदार हवा. गर्दीवर मर्यादा घालतात त्याबद्दल कुरकूर ऐकते तेव्हा वाईट वाटतं. रांगोळीवर पाय पडू नये एवढं तर आपण सांभाळतोच, मग तेरड्यावर बसून फोटो का काढावा?

युबरलिंगनसारखा काठ सांगलीत कृष्णेला करता येईल का? आम्ही काही तरुण मुलं महापालिकेकडे जायचं म्हणतोय.
— रो. शि., गावभाग, सांगली

जरूर जा. फक्त नकाशा तिकडचा नेऊ नका.

बोडनझेचं पाणी आल्प्सचं बर्फ वितळलं की उन्हाळ्याच्या सुरुवातीला चढतं, आणि वर्षभरातला साधारण चढउतार माणसाच्या उंचीच्या आतबाहेर असतो. आपल्याकडे आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांवर इशारा आणि पंचेचाळीसवर धोका. २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. पाणी उतरल्यावर जो गाळ राहतो त्याखाली हिरवळ गुदमरून मरते, फरशा उखडतात, दिवे जातात. म्हणून हिरवळ, कारंजी आणि रंगीत दिवे असा आराखडा कुणी दाखवला तर नम्रपणे नाही म्हणा. दर मोठ्या पुराला तो नव्यानं करावा लागेल.

काठाचे तीन टप्पे करा. पाण्यालगत लव्हाळा, शेरणी, वाळुंज, म्हणजे जी मुळांनी काठ धरतात आणि वाकून पूर जाऊ देतात. शेरणी नर्सरीत मिळणार नाही. नदीपात्रातल्या खडकांत शोधा आणि छाट घेऊन रुजवा. मधल्या टप्प्यात करंज, जांभूळ, उंबर. बाकं, फुलं, मुलांची खेळणी सगळ्यात वर. वाटांना सिमेंट नको, दगडी पायऱ्या हव्यात. आपल्या घाटांच्या पायऱ्यांनी किती पूर पचवलेत ते बघा.

दुसरं, माणसांचं. युबरलिंगनमध्ये २०१३ साली मेळा घ्यायचा की नाही यावर गावाचं मतदान झालं. होकार आला. तरीही पुढे चिनारच्या जातीच्या जुन्या झाडांची एक रांग तोडायची वेळ आली तेव्हा मोठा वाद झाला, आणि झाडं गेलीच. त्याची खंत तिथले काही जण अजून बोलून दाखवतात. तुम्ही आराखडा करण्याआधी काठावरचं प्रत्येक झाड मोजा, त्याचा घेर लिहा आणि ते नकाशावर मांडा. कोळी, धोबी, म्हशी धुणारे, दशक्रियेला येणारे, पोहायला येणारे, यातल्या कुणाची जागा जाणार आहे का, ते त्यांना विचारून लिहा. मगच पालिकेकडे जा.

सगळा काठ मागू नका, शंभर-दोनशे मीटरचा एकच तुकडा निवडा. पूर ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये त्या तुकड्यातली तिन्ही टप्प्यांवरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. तपासणी मी करून घेईन आणि झाडांची यादी त्यावरून ठरवू. वाळुंजाची छाटं डिसेंबर-जानेवारीत लावायला हवीत, तेव्हा उशीर करू नका.